आय 21 ची यादी घेऊन जाताय, तर फायली पण बघा

थीसिसचे दिवस आले की आमच्या एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये, कोणीतरी रेसिडेंट डॉक्टर येतातच, "मॅडम, मागच्या तीन वर्षांची आय 21 ची यादी द्या की, एक्सेलमध्ये." आय 21 हा हार्ट अटॅकचा कोड. परवानगीचं पत्र असलं की यादी लगेच निघते. पण त्या यादीवरून कोणी "सोलापुरात हार्ट अटॅक इतके वाढले" असं लिहिणार असेल तर मला राहवत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पेशंट घरी गेला की त्याच्या डिस्चार्ज कार्डावरून आम्ही आयसीडी-10 चे, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतले, कोड टाकतो. आय 21 म्हणजे नुकताच आलेला अटॅक, आय 20 अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), आय 50 हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं), आर 07.4 म्हणजे छातीत दुखतंय पण कारण सापडलेलं नाही. आणि आम्हाला नियम असा की डॉक्टरांनी जे लिहिलंय तेवढंच कोड करायचं, ईसीजी बघून आपलं निदान लावायचं नाही. नियम बरोबरच आहे, पण सगळी मेख तिथंच आहे.

आता समजा अक्कलकोट रोडच्या कारखान्यात रात्रपाळीला असलेल्या एखाद्याच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, गॅस असेल म्हणून सोडा पिऊन बघितला आणि शेवटी ॲडमिट झाला. ड्युटी डॉक्टर केस पेपरवर लिहितात "?एमआय", म्हणजे हार्ट अटॅकची शंका आहे. नंतर ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) दोन्ही वेळेला नॉर्मल येतं, ईसीजी बदलत नाही, माणूस दोन दिवसांत घरी. कार्ड टाईप करताना ते प्रश्नचिन्ह गळतं, राहतं नुसतं एमआय, आणि कोड पडतो आय 21. फाईलमध्ये ट्रोपोनिनचा रिपोर्ट तसाच लावलेला असतो, पण एक्सेलमध्ये तो कुठं दिसणार?

मोजणीची भानगड वेगळीच. आयसीडी-10 मध्ये अटॅकनंतर चार आठवड्यांपर्यंत आय 21 च चालतो, त्यानंतर जुना अटॅक म्हणून आय 25.2. म्हणजे एखाद्याला बार्शीत पहिलं इंजेक्शन दिलं, तिथून इकडं पाठवलं, इथं अँजिओप्लास्टी झाली आणि दुसऱ्या नळीसाठी वीस दिवसांनी परत बोलावलं, तर अटॅक एकच पण आय 21 तीनदा. तुम्ही ॲडमिशन मोजताय का माणसं, हे आधी ठरवा. दोन हॉस्पिटलांचे आयपीडी (ॲडमिट पेशंटचे) नंबर जुळत नाहीत, आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) सगळ्या फायलींवर असेल तेव्हा सोपं होईल, अजून तसं नाहीये.

हार्ट फेल्युअरचं नेमकं उलटं होतं आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. पायाला सूज, रात्री उशा लावून बसून झोपणारा, लॅसिक्सवर (लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधावर) सुधारलेला पेशंट, टू-डी इकोत ईएफ, म्हणजे हृदयाचं पंपिंग, फक्त 25%, आणि कार्डावर काय तर "डीसीएम, के/सी/ओ एचटीएन", म्हणजे हृदय पसरलंय आणि बीपी आधीपासून आहे. फेल्युअर हा शब्दच नाही! मग आम्ही आय 42.0 आणि आय 10 टाकतो, आय 50 राहून जातो, आणि असे पेशंट यादीत येतच नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर तर "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" एवढंच लिहिलेलं सर्रास दिसतं, तो मरताना काय झालं ते सांगतो, कशानं गेला ते नाही.

कोड टाकाऊ आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. डेन्मार्कमध्ये 1977 पासून देशभराच्या पेशंटचं रजिस्टर आहे, त्यातल्या फायली काढून तपासल्या तेव्हा (2016 साली ते छापून आलं) पहिल्या अटॅकचे कोड 97% खरे निघाले आणि हार्ट फेल्युअरचे 76%. एकाच देशात, एकाच रजिस्टरमध्ये दोन आजारांत एवढा फरक! आणि तिथला 97 चा आकडा उचलून सोलापूरच्या यादीला चिकटवता येत नाही, कारण कार्ड लिहिणारे वेगळे, लिहायची पद्धत वेगळी.

म्हणून यादीतल्या शंभरेक फायली चिठ्ठ्या टाकून निवडा आणि दोघांनी एकमेकांचं न बघता तपासा. 2018 ची अटॅकची व्याख्या हाताशी ठेवा, ट्रोपोनिन मर्यादेच्या वर आणि वरखाली होणारं, शिवाय त्रास किंवा ईसीजीत बदल किंवा तसा दुसरा पुरावा. नुसतं वाढलेलं ट्रोपोनिन किडनीच्या पेशंटमध्येही असतं. आणि आय 20, आर 07.4, आय 42 च्या पण थोड्या फायली काढा, कारण निसटलेले तिथंच सापडतात, हे काम जवळजवळ सगळे टाळतात. फायली मी काढून देते, फक्त नंबर आदल्या दिवशी द्या, जुने गठ्ठे वरच्या मजल्यावर आहेत.