सातवीतली मुलगी आणि अर्धा कोयता

ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचा ट्रॅक्टर रात्रीच निघणार होता, म्हणून संमतिपत्रं घेऊन मी वस्ती गाठली. बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या शाळांना दिवाळीनंतरची हजेरी अशी लोकांच्या अंगणात टिकवावी लागते. पालकाची सही मिळाली की मूल हंगामी वसतिगृहात. वसतिगृह म्हणजे इमारत नव्हे. पोरं आजी-आजोबांकडे झोपतात, जेवतात शाळेत. तपासणीला येणारे साहेबसुद्धा ‘खाटा कुठायत?’ विचारतात.

चौथीतल्या मुलासाठी बापानं लगेच सही केली. सातवीतल्या मुलीचा कागद परत दिला.

‘गुर्जी, हिला ठिवली तर बारक्याला कोण बघंल?’

दीड वर्षाचं पोर आजीच्यानं आवरणारं नव्हतं, ते मलाही दिसत होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्याच हिशेबानं घेतलेली. बाई पोराला घेऊन कोपीत (झोपडीत) बसली तर कोयता अर्धा, फेड मात्र पुरी. मी २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगितला. मुकादम नुसता हसला.

पोरगीच म्हणाली, ‘सर, ते कार्ड तरी द्या.’

शिक्षण हमी कार्ड मी मन लावून भरतो. भागाकार येतो, अपूर्णांक कच्चे, इंग्रजी वाचते पण लिहायला बिचकते. पुढच्या शिक्षकाला तिथून सुरुवात करता यावी. बरेच जण नाव-इयत्ता टाकून मोकळे होतात.

जानेवारीत कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. मुलगी कार्ड घेऊन एकटीच आली होती, भाऊ कडेवर. बाईंनी दोघांना बसवून घेतलं. पुढे पोर वर्गात रडतं म्हणून मुख्याध्यापकांनी हरकत घेतली आणि ती यायची बंद झाली.

आमच्या कागदावर कारण पडलं ‘स्थलांतर’. हे मला अजून पटत नाही. शाळा जवळ होती, कार्ड होतं, शिकवायला तयार बाई होत्या. नव्हती ती बारक्याला ठेवायची जागा. मुलींची गळती थांबावी म्हणून सरकारनं १९९२ साली पहिली ते चौथीच्या गरीब मुलींना रोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. लहान भावंड सांभाळणाऱ्या बाईचं मानधन कुठल्या लेखाशीर्षात बसतं, ते मला कुणी सांगत नाही.

पाडव्यानंतर ती परत आली, आता आठवीत आहे. बापानं नवी उचल घेतलीय. अंगणवाडीतली बालवाडी मूल तीन वर्षांचं झाल्यावर; दिवाळीत बारक्या अडीचचा असेल. वस्तीवरच्या एका मावशींना मी विचारून ठेवलंय. दोन वेळचं जेवण आणि थोडे पैसे मिळाले तर सांभाळते म्हणाल्या. पैसे कशातून काढायचे ते अजून ठरलेलं नाही.