दुसऱ्या सहीची तारीख

आमचं लग्न फेब्रुवारी २०२२ मध्ये डिचोलीला, घराजवळच्या देवळात लागलं. मुंडावळ्या बांधलेला गोरा जावई बघायला सगळा वाडा जमला होता. नवरा अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. सप्तपदी झाली, जेवणावळ उठली, पण गोव्याच्या कायद्याच्या हिशेबी मी अजून कुमारीच होते.

आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा. देवळात कितीही मंगलाष्टकं म्हणा, सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या झाल्याशिवाय लग्न धरत नाहीत. पहिली सही म्हणजे नुसता इरादा. मग नोटीस लागते, हरकत आली नाही तर साक्षीदारांसमोर दुसरी. (पहिल्या सहीलाच लग्न समजून बसलेल्या मुली मी पाहिल्यात. दुसरी सही झाल्याशिवाय हुरळू नका.) आमचं पहिल्यालाच अडलं. कारकुनाला नवरा अविवाहित असल्याचा सरकारी दाखला हवा होता, आणि अमेरिकेचं केंद्र सरकार तसा दाखला देतच नाही. माणसाने स्वतः प्रतिज्ञापत्र करायचं. हे पटवता पटवता त्याची रजा संपली. दोन्ही सह्या झाल्या त्या डिसेंबरात, तो परत आला तेव्हा.

जानेवारी २०२३ मध्ये त्याने तिकडून आय-१३० (बायकोला कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज) भरला, फी ५३५ डॉलर. नागरिकाच्या जोडीदाराला वर्षाचा कोटा लागत नाही, म्हणून मी समजले पावसाळ्यापर्यंत काम होईल. चौदा महिने लागले.

मधेच मला आगाऊपणा सुचला. निदान महिनाभर जाऊन येऊ म्हणून पर्यटक व्हिसाचा अर्ज केला. त्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो: तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केलाय का? मी खरं तेच लिहिलं. खोटं सापडलं तर पुढची वाटच बंद होते. वकिलातीच्या खिडकीवर नकार मिळायला दोन मिनिटं लागली. बाबांनी जमिनीच्या उताऱ्यांची जाडजूड फाईल दिली होती, ती पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नाही. तुम्ही तिथेच राहायला चाललाय असं कायदा आधीच धरून चालतो, तसं नाही हे दाखवायचं आपण. आणि मला तर तिथेच राहायचं होतं! फी गेली ती गेली.

पुढचं मग कागदांचं: मिळून ४४५ डॉलरच्या दोन फिया, नवऱ्याच्या पगाराचं हमीपत्र (गरिबीरेषेच्या १२५ टक्के तरी उत्पन्न लागतं), पोलीस दाखला, जन्मदाखल्यातलं घरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव एकाच बाईचं हे सिद्ध करणारं प्रतिज्ञापत्र.

२०२४ ची चतुर्थी झाली आणि थिवीहून कोकणकन्या पकडून मुंबई गाठली. आधी मेडिकल आणि लशी, मग मुलाखत. अधिकाऱ्याने विचारलं, लग्न कधी झालं? तोंडातून गेलं, "फेब्रुवारी २०२२." त्याने कागद पाहिला, मग मला पाहिलं. घाम फुटला. देवळाचं आणि दोन सह्यांचं सगळं रामायण सांगितलं. तो फोटो चाळत होता. मुंडावळ्यांवर बोट ठेवून म्हणाला, "हे याला दिसण्याच्या आड येत नव्हतं का?" मी म्हटलं, येत होतं. व्हिसा मंजूर.

खरी गंमत पुढे. अमेरिकेत पाऊल टाकताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं, अटीचं मिळतं. देवळाची तारीख धरली असती तर अडीच वर्षं उलटलेली. सहीची धरली तर दोन महिने कमी. व्हिसाची मुदत होती, डिसेंबर उलटल्यावर गेले असते तरी चाललं असतं. काका तेच सांगत होते. पण पावणेदोन वर्षं फोनवर संसार करून झाला होता. ऑक्टोबरात विमानात बसले, बॅगेत आईची भिंडाची (कोकमाची) सोलां.

आता कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढायचा अर्ज करायचा. आईने २०२६ चं कालनिर्णय पाठवलं, त्यात जुलैतल्या एका तारखेला नवऱ्याने लाल गोल केलाय. त्या दिवशी कुठलीशी एकादशीही आहे की काय, असं तो विचारत होता.