दिवाळीतलं पेट्रोल आणि बंद पडलेलं लॉनमोवर

साताऱ्यात पाऊस सुरू झाला की गवत काय थांबत नाही, आमच्या अंगणात तर आठ दिवसांत घोट्याच्या वर येतं. यंदा जूनमध्ये गवत कापायचं मशीन काढलं, दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी चालू होईना. टाकीत दिवाळीपासूनचं पेट्रोल तसंच राहिलेलं! त्यातलं इथेनॉल पाणी धरतं आणि पेट्रोल जुनं झालं की कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागात, चिकट थर बसतो. खोलला तर वाटीत पिवळी राळ, क्लीनर मारून जेट (पेट्रोल जायची बारीक नळी) उजेडात धरला तेव्हा कुठे सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं, आणि दुसऱ्या ओढीला मशीन चालू, लय बरं वाटलं.

आता सीझन संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. पात्याला हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची (इंजिनात ठिणगी देणाऱ्या भागाची) कॅप काढायची म्हणजे काढायचीच, नाहीतर इंजिन चुकून चालू होऊ शकतं, यात आळस नको. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर टांगून बघा, जी बाजू खाली जाईल ती अजून थोडी घासा, नाहीतर मशीन थरथरतं. आणि पात्यावरच्या पत्र्याला आतून चिकटलेलं ओलं गवत त्याच दिवशी लाकडी पट्टीने खरवडा, आमच्याकडच्या पावसात गंज चढायला वेळ लागत नाही.