हेराल्डचं थ्रस्ट वॉशर तिसऱ्यांदा गेलं, पण ह्या वेळी चोर सापडला

मंडळी, मागच्या वेळी मोठ्या तोंडानं लिहिलेलं की इंजिन बसलं, आता नुसती चालवणार. कसलं काय. 1900 किलोमीटर झाले आणि पहिला गिअर परत कर्रर्र करायला लागला, रिव्हर्स टाकायचा तर आधी इंजिन बंद करायचं, मग टाकायचा, मग क्लच दाबून स्टार्टर मारायचा. पेट्रोल पंपावर मागं रांग लागलेली असताना हे करून बघा एकदा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गाडी स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासला बनलेली, 948 सीसी, म्हणजे जात ट्रायम्फचीच. ह्या इंजिनाच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, तीन मेन बेअरिंग (त्याला धरणारे आधार), आणि क्रँक पुढं-मागं सरकू नये म्हणून सगळ्यात मागच्या मेनच्या दोन्ही बाजूंना एकेक अर्धचंद्र थ्रस्ट वॉशर. पूर्ण गोल नाही हं, अर्धंच, तेही फक्त वर ब्लॉकमध्ये, खालच्या कॅपला (बेअरिंगच्या झाकणाला) काहीच नाही. क्लच दाबला की क्रँक पुढं ढकलला जातो आणि तो सगळा भार मागच्या अर्ध्या चकतीवर येतो. ती झिजून पातळ झाली की गोल फिरून खाली सम्पमध्ये, म्हणजे तेलाच्या तळपात्रात, पडते, मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो, आणि ब्लॉक खाल्ला गेला की रडत बसायचं.

तर पहिल्यांदा गेलं तेव्हा मी गृहीत धरलं की जुनी गाडी आहे, बाबांच्या काळापासून कुणी बघितलंच नसेल. सम्प काढला, मागची कॅप काढली, इंजिन गाडीतच ठेवून वॉशर फिरवून बाहेर घेतलं, नवीन सरकवलं. 2200 किलोमीटरमध्ये तेही गेलं. तेव्हा वाटलं उलटं बसवलं असणार, कारण तेलाच्या खाचा असलेली बाजू क्रँककडं यायला पाहिजे आणि बरेच जण ती ब्लॉककडं करतात. उघडून बघितलं तर बरोबर होतं. मग संशय क्रँकच्या तोंडावर. इंजिन उतरवलं, क्रँक घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो, तिथल्या ग्राइंडिंगवाल्या मेस्त्रींनी अंगठ्याचं नख फिरवून सांगितलं, "सायेब, हे तोंड म्हणजे काणस झालंय की." ते साफ करून घेतलं, पाच थाऊ (इंचाचे पाच हजारांश) जास्त जाड, म्हणजे ओव्हरसाइज वॉशर मागवून घातली, फ्लोट, म्हणजे क्रँकची पुढं-मागं हालचाल, 0.15 मिमी आला. पुस्तकात 0.1 ते 0.2 दिलंय, म्हणजे अगदी मधोमध. मी खूश. बायकोला पण खूश असल्यासारखं दाखवावं लागलं.

आणि आता परत तेच.

ह्या वेळी मात्र स्पॅनर हातात घ्यायच्या आधी डायल गेज (बारीक हालचाल सुईवर दाखवणारा) लावला. बेस चुंबकाचा आहे, तो ब्लॉकला चिकटवला, सुई पुलीच्या तोंडावर टेकवली, पोराला आत बसवून क्लच दाबायला लावला. सुई एक पूर्ण फेरी मारून पुढं गेली. 1.3 मिमी! म्हणजे पेडल दाबलं की आधी अख्खा क्रँक फ्लायव्हीलसकट पुढं पळतो आणि मग उरलेल्या प्रवासात क्लच सुटायचा प्रयत्न करतो. रिलीजचा प्रवास मुळात थोडाच, त्यातला एवढा असा वाया गेल्यावर प्लेट कशी मोकळी होणार. तर गिअरची कर्रर्र इथून येत होती. ह्याआधी मी सिलेक्टर, गिअर ऑइल, सिंक्रो सगळ्यांना शिव्या घालून झालो होतो.

ऑइल काढलं तर गणपतीच्या मखराची चमकी सांडल्यासारखं. चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही, म्हणजे मऊ धातू, म्हणजे वॉशरच.

पण मला खटकत होती दुसरीच गोष्ट. पन्हाळ्याच्या चढणीला गाडी गरम झाली की क्लच स्लिप व्हायचा, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी. आता बघा, गिअर कर्रर्र करतो म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही, आणि स्लिप होतो म्हणजे पूर्ण धरत नाही. दोन्ही एकाच गाडीत कसं? आधी वाटलं प्लेटवर तेल आलं असेल, कारण ह्या इंजिनाचं मागचं स्क्रोल सील (तेल अडवणारं) कायम पाझरतंच. पण मागच्या वेळी प्लेट बघितलेली, कोरडी होती. मग एका रात्री झोपताना डोक्यात आलं की स्लिप फक्त गरम झाल्यावर होतो, सकाळी गल्लीत कितीही फिरवा, काही नाही. आणि मी प्रत्येक वेळी ट्रायल गल्लीतच घेत होतो!

रविवारी मुद्दाम पन्हाळ्याला गेलो, स्लिप व्हायला लागल्यावर बाजूला घेतली, पेडलला हात-पाय काही न लावता खाली आडवा होऊन स्लेव्ह सिलेंडरचा (पेडलकडून आलेल्या फ्लुइडच्या दाबानं क्लचचा फोर्क ढकलणारा) ब्लीड निपल, म्हणजे फ्लुइड सोडायचा स्क्रू, अर्धा आटा सैल केला. पिचकारी! चष्म्यावर आली. आणि डोळ्यांदेखत स्लेव्हचा रॉड तीनेक मिलिमीटर मागं गेला, फोर्क टक करून सुटला. निपल घट्ट केला, गाडी काढली, स्लिप गायब. म्हणजे पाय काढलेला असतानाही लाइनमध्ये प्रेशर अडकून बसलेलं. क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत दाबून ठेवलेलं, आणि तेवढाच भार चोवीस तास त्या बिचाऱ्या अर्ध्या चकतीवर.

मग मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलपाशी बसून फ्लुइड ढकलणारा. ह्यात गिरलिंगचा सेंटर व्हॉल्व्हवाला मास्टर आहे, प्लंजर पार मागं आला तरच टाकीकडचा रस्ता उघडतो. थोडा जरी आत राहिला तर व्हॉल्व्ह बंद, आतलं फ्लुइड कोंडलेलं. थंड असताना त्रास नाही, गिअरबॉक्सची धग लागली की फ्लुइड फुगतं, त्याला जायला जागा नाही, मग ते रॉड ढकलतं. मला वाटलं मास्टरची किट (आतली रबरं) खराब. उघडला, स्वच्छ, नवीनच आहे.

शेवटी पाय सीटवर, डोकं पेडलपाशी, तोंडात टॉर्च अशा अवस्थेत वर बघितलं तर पेडलच्या ब्रॅकेटला एक लोखंडी पट्टी वेल्ड केलेली. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, खटखट आवाज येऊ नये म्हणून. वर काळा रंग. पेडल तिला टेकून थांबत होतं, पूर्ण मागं यायच्या आधीच. कधीतरी कुणीतरी क्लचचं पेडल ब्रेकच्या लेव्हलला आणायला हा उद्योग केलाय. कुणी केला ते कळायला मार्ग नाही, पण काम सफाईदार होतं हे मान्य, कारण गेली चार वर्षं मी आलेल्या-गेलेल्याला कौतुकानं दाखवतोय की बघा, दोन्ही पेडल कशी एका रेषेत.

पट्टी ग्राइंडरनं उडवली. मास्टरच्या टाकीचं झाकण काढून पेडल सोडलं तर फ्लुइडमध्ये बारीक उसळी दिसली, म्हणजे रस्ता उघडला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे हो, आणि मी इंजिन उतरवून बसलो होतो.

वॉशर अर्थातच परत बदलली, क्रँकचं तोंड नशिबानं वाचलंय. फ्लोट 0.14 आला. ह्या वेळी खालच्या कॅपलाही अर्धी वॉशर पिन करून बसवायचा विचार होता, काही जण करतात, पण कॅपची मशिनिंग चुकली तर दुसरी कॅप मिळणार कुठं, म्हणून सोडून दिलं. शिवाय सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहायची माझी सवय मोडतोय, न्यूट्रल करून पाय खाली. ताराराणी चौकात बायको शेजारून आठवण करून देते, जरा जास्तच करते.

आज 1600 किलोमीटर झाले, दोनदा पन्हाळा आणि एकदा गगनबावडा धरून. डायल गेज 0.15 दाखवतोय. रिव्हर्स चालू इंजिनावर पडतो. क्लचचं पेडल मात्र आता ब्रेकपेक्षा इंचभर वर आलंय, पाय उचलून ठेवावा लागतो आणि दिसतंयही भिकार.