गुलमर्ग एका दिवसात: टंगमर्गला अडकू नका

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. त्यातले शेवटचे तेरा, टंगमर्गच्या पुढचे, घाटाचे. आम्ही चौघं फेब्रुवारीत गेलो आणि आमचा दिवस टंगमर्गलाच निम्मा संपला. जाणाऱ्यांचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

बर्फ पडलं की चाकांना साखळ्या नसलेली गाडी टंगमर्गच्या पुढे सोडत नाहीत. नियम योग्यच आहे, रस्ता खरोखर घसरडा असतो. पण आमच्या गाडीवाल्याने आदल्या रात्री 'थेट वरपर्यंत नेतो' असं सांगितलं होतं. टंगमर्गला उतरवून म्हणाला, आता इथली जीप करा. जीपचे पैसे वेगळे. तोवर गमबूट आणि कोटवाल्यांनी गराडा घातलेला. 'याशिवाय वर सोडत नाहीत' हे साफ खोटं आहे. ट्रेकचे वॉटरप्रूफ बूट, जाड मोजे आणि जॅकेट असेल तर काहीही भाड्याने घेऊ नका. चौघांचे साडेतीन हजार सांगितले, घासाघीस करून चौदाशेवर आले. भिजलेले गमबूट मिळाले. यात दीड तास गेला.

वर जीप थांबली की पुन्हा तेच. घोडेवाले, स्लेजवाले, गाईड. 'गंडोला (केबल कार) चार किलोमीटर आहे' म्हणतात. आम्ही चालत वीस मिनिटांत पोचलो. राजमाची चढणाऱ्या माणसाला घोडा कशाला? गाईडही नको. केबल कारमध्ये बसायला गाईड लागत नाही.

गंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. 'तिथे मिळेल' असं सांगणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नका. तिकिटाची प्रिंट सोबत ठेवा, कारण बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाहीत. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, साधारण 13,000 फूट. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. आमच्याकडे दोन्ही टप्प्यांची तिकिटं होती. कोंगदूरीला पोचलो तेव्हा नुकताच वारा सुटून दुसरा टप्पा बंद झाला होता. आमच्या पुढची मंडळी वर जाऊन, नंगा पर्वत बघून खाली आली होती. तो टंगमर्गचा दीड तास मला अजून खुपतो. सकाळी सहाला श्रीनगर सोडा, आणि दुसरा टप्पा सगळ्यात आधी करा.

स्कीइंग एका दिवसात शिकायचं असेल तर खालच्या सपाट उतारावरच, प्रशिक्षक घेऊन. तासाभरात तोल सांभाळता आला आणि मी लहान मुलासारखा ओरडत खाली आलो. त्या एका तासासाठी पुन्हा जाईन. अफरवतचे आखलेल्या भागाबाहेरचे उतार नवख्यांचे नाहीतच. 2023च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले.

श्रीनगरचे दोन दिवस आणि शिकारा छान झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गाडी ठरवताना एकच प्रश्न विचारा: साखळ्या आहेत का, आणि गुलमर्गच्या स्टँडपर्यंत सोडणार का? उत्तर लेखी, मेसेजवर घ्या. परतीला चारच्या आत निघा. दुपारी वितळलेलं पाणी ऊन गेलं की रस्त्यावर गोठतं. आम्ही साडेपाचला निघालो, त्या तेरा किलोमीटरला सव्वा तास लागला.