लेक ईचमच्या काठचं इवलंसं कांगारू

ऑस्ट्रेलियात येऊन सहा वर्षं झाली, मोठी कांगारू गाडीतून जाता-येता दिसतातच, पण मला फोटो हवा होता तो मस्की रॅट-कांगारूचा. वजन जेमतेम अर्धा किलो, कांगारूंच्या अख्ख्या गोतावळ्यात सगळ्यात लहान, आणि ते राहतं फक्त क्वीन्सलँडच्या ईशान्य कोपऱ्यातल्या पावसाळी जंगलात, जगात दुसरीकडे कुठेच नाही.

केर्न्सला मावसभावाकडे उतरले. दादा म्हणाला मी गाडी चालवतो, तू फक्त कॅमेरा सांभाळ. पहाटे अंधारातच गिलीज रोडचा घाट चढलो, नुसती वळणंच वळणं, आणि वर आल्यावर ॲथर्टन टेबललँड्सचं गार पठार. लेक ईचम म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं पाणी, त्याच्याभोवती तीनेक किलोमीटरची पायवाट आहे.

या प्राण्याची एक गोष्ट फोटोवाल्यांच्या फायद्याची. पोटाला पिशवी असलेले बहुतेक प्राणी रात्री बाहेर पडतात, हे मात्र दिवसा वावरतं आणि रात्री झोपतं. पण दिवसा म्हणजे उजेड मिळेल असं नाही हं, वर पानांचं छप्पर इतकं दाट की सकाळी आठला खाली तिन्हीसांजेसारखं वाटतं. फ्लॅश मला वापरायचाच नव्हता, बिचाऱ्याला कशाला दचकवायचं, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ६४०० आणि शटर १/१२५ सेकंदावर ठेवून बसले.

पहिल्या दिवशी आम्ही चालत चालत शोधत राहिलो, तीनदा फक्त पाल्यात सळसळ आणि तपकिरी काहीतरी गायब. दुसऱ्या दिवशी ठरवलं, चालायचं नाही. पायवाटेच्या कडेला एका ठिकाणी ब्लू क्वाँडाँगची निळीशार फळं पडली होती (हे झाड रुद्राक्षाच्याच कुळातलं, आतली बी हातात घेतली की लगेच पटतं), तिथे वाटेवरच मांडी घालून बसले. पायावर जळवा चढल्या, आंबोलीची आठवण आली. पाला उकरायचा आवाज आला की मी श्वास रोखायचे आणि निघायची ब्रश टर्की (जमिनीवर पाला उकरत फिरणारा मोठा पक्षी), असं किती वेळा झालं.

साधारण पाऊण तासाने ते आलं. आवाज एकदम हलका, दोन पावलं आणि थांबा, दोन पावलं आणि थांबा. आणि चालणं कांगारूसारखं नाहीच, चारही पायांवर सशासारख्या उड्या. तांबूस तपकिरी अंग, पातळ काळपट कान, शेपटी जवळजवळ बिनकेसांची. मागच्या पायाला छोटा अंगठा असतो, बाकीच्या कांगारूंना तो नसतो, आणि एका फोटोत तो स्पष्ट आलाय याचा मला फार आनंद आहे. पुढच्या दोन्ही पंजांत फळ धरून ते बसून खात होतं. काही फळं ही मंडळी पाल्याखाली पुरूनही ठेवतात, त्यातली काही तशीच राहतात आणि रुजतात, म्हणजे हे जंगल लावणाऱ्यांतलं हे एक.

मग त्याने तोंडाने वाळकी पानं गोळा केली, मागच्या पायांनी शेपटीकडे ढकलली, शेपटीचा वेढा घालून ती मोळी आवळली आणि तशीच घेऊन वेलींच्या जाळीत शिरलं, घरट्यासाठी. तो फोटो थोडा हललाय. तरी तोच प्रिंट काढून आईला पुण्याला पाठवलाय.