चार महिने बंद वाडी: बेणणीची (माजलेले रान काढण्याची) नोंद, ऑक्टोबर ते जानेवारी

जागा दक्षिण रत्नागिरीतली, १८ गुंठे. ५ काजू, ८ हापूस (त्यांतली ४ कलमे तीन वर्षांची), चिऱ्याचे घर, पुढे खळे (अंगण), तिन्ही बाजूंनी गडगा (दगडांचे कुंपण). जूनच्या सुरुवातीला कुलूप लागले ते दसरा उलटल्यावर उघडले. खळ्यात कमरेइतका टाकळा, गडग्यावर घाणेरी (टणटणी), मागच्या उतारावर डोक्यावरून गेलेली रानमोडी, कलमांच्या आळ्यांत लव्हाळा. पावसाळाभर बंद राहिलेल्या कुठल्याही वाडीची हीच यादी निघेल.

क्रम

दारापासून सुरुवात करून मागे सरकत जाण्याचा मोह होतो. घर ते विहीर एवढी वाट मोकळी करावी आणि तिथे थांबावे. पुढचा क्रम दोन गोष्टी ठरवतात: कुठल्या रानाचे बी आधी पडणार, आणि जमिनीतली ओल किती दिवस टिकणार.

टाकळ्याच्या शेंगा ऑक्टोबरअखेर वाळून तडकू लागतात. त्याच्या बियांचे कवच इतके टणक, की पडलेले बी पुढची अनेक वर्षे थोडे थोडे रुजत राहते. म्हणजे पहिले दोन दिवस टाकळ्याचे. कुर्डूचेही तसेच. रानमोडी डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि तिचे कापसासारखे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये उडते, तेव्हा बियांच्या हिशेबाने तिला वेळ आहे. पण जांभ्याची माती नोव्हेंबरच्या मध्यानंतर विटेसारखी होते, मग रानमोडी मुळासकट निघत नाही, मोडते. म्हणून दुसरा नंबर तिचा. गवत सर्वांत शेवटी.

ग्रासकटर आधी घरीच चालू करून बघणे

यंत्र ३५ सीसी, फोर-स्ट्रोक. टाकीत जूनचे पेट्रोल राहिले होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल ओढते. चार महिन्यांत तळाशी पाणी जमते आणि कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. हे पेट्रोल वापरून बघू नये, सरळ काढून टाकावे. टाकीतला फिल्टर धुतला. पेट्रोलची नळी फुगून मऊ झाली होती, ती बदलली. प्लग ब्रशने घासून फट ०.६ ते ०.७ मिमी ठेवली. एअर फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन वाळवला आणि त्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब चोळले. तरीही इंजिन धरत नव्हते. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते! तारेने उकरल्यावर तिसऱ्या ओढीला सुरू झाले.

ऑइल १०० मिली, वेगळे भरायचे. टू-स्ट्रोक यंत्र असेल तर ते पेट्रोलमध्येच मिसळते: २५:१ लिहिले असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २०. अंदाजाने ओतले की कमी पडून पिस्टन चिकटतो किंवा जास्त होऊन प्लग काळा पडतो.

पाते बसवणारा नट उलट्या आट्याचा असतो. नेहमीच्या दिशेने सोडवायला जाल तर आणखी आवळला जाईल. नायलॉनची दोरी वापरायची असेल तर आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. कोरडी दोरी ठिसूळ होऊन दर पाच मिनिटांनी तुटते.

पहिला आठवडा: टाकळा

मशीन लावण्याआधी काठी घेऊन पूर्ण फेरी. ठिबकच्या नळ्या, गडग्याचे ढासळलेले चिरे, जुनी तार, नळाचा कॉक, जे दिसेल त्याशेजारी चुना लावलेली काठी रोवली. तरी ठिबकची एक नळी कापली गेलीच.

वाळलेल्या शेंगांचा टाकळा विळ्याने कापून गोणीत भरला. त्यावर ग्रासकटर चालवणे म्हणजे पेरणी करणे. हिरव्या शेंगांवर चालवला तरी चालते. एकूण ११ गोण्या. त्या खतात घातल्या नाहीत. मीटरभर उंचीचा ढीग नीट तापला तरच बी मरते, आणि घरगुती ढीग कडेने कधीच तापत नाही. गोण्या तोंडे बांधून पत्र्याखाली ठेवल्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये भाजावळीला (पेरणीआधी जमीन भाजायला) शेजारच्या तरव्यावर (भाताची रोपे करायच्या जागेवर) जातील.

दाट रान एकदम जमिनीलगत कापू नये. आधी गुडघ्याच्या उंचीवर, मग खाली. पहिल्या फेरीत जमीन दिसते, आणि फुरसे किंवा घोणस असेल तर तेही. पाते घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे उजवीकडून डावीकडे कापत जावे. कापलेले रान डावीकडच्या मोकळ्या भागात पडते. पात्याची पुढची उजवी कड, घड्याळात १२ ते ३, खोडाला लागली की यंत्र झटका देऊन मागे येते. बहुतेक अपघात तिथलेच.

गमबूट आणि जाळीचा चष्मा हवेतच. गडग्याच्या फटीत हात घालू नये. सर्पदंश झाला तर कापणे-चोखणे-बांधणे काही न करता १०८ ला फोन आणि जवळचे सरकारी रुग्णालय.

दुसरा आणि तिसरा आठवडा: रानमोडी, घाणेरी

इथे मशीनचा उपयोग अर्धाच. रानमोडी नुसती कापली तर बुडख्यातून सात-आठ फुटवे येतात आणि जानेवारीत झाड पहिल्यापेक्षा दाट. कोवळी झाडे हाताने उपटली. जुन्यांची खोडे दीड फुटावर कापली, तो खुंट धरून बुडाशी टिकाव घातला आणि गाठीसकट उचकटले. मुळे उथळ असतात, ओल असेल तर एका घावात येतात. माती झटकून झाड मुळे वर करून चिऱ्यावर टाकायचे. मातीवर आडवे टाकलेले पुन्हा धरते. दाट भागात एका माणसाला गुंठ्याला साधारण अडीच तास लागले. नुसते कापायला ४० मिनिटे लागली असती, पण ती ४० मिनिटे वर्षातून तीनदा.

घाणेरीचे तंत्र थोडे वेगळे. तिचे फुटवे खोड आणि मूळ जुळते त्या भागातून येतात. म्हणून सोटमूळ त्या जोडाखाली, मातीत तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत रूढ केली. पूर्ण मूळ खणत बसावे लागत नाही. पक्षी बिया आणतात, त्यामुळे तिची रोपे काजूखाली आणि तारांखालीच जास्त सापडतात. तिथे पुढच्या पावसात मुद्दाम बघायचे.

मागच्या कोपऱ्यात खाजकुयलीचा वेल होता, शेंगा अजून हिरव्या. बुडाशी कापून आकडीने ओढला. शेंगा तपकिरी झाल्यावर पाणी मारल्याशिवाय हात लावू नये, आणि मशीन तर नाहीच. कूस सगळीकडे उडते. अंगाला लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला.

लहान कलमे

कलमाभोवती एक मीटर हातानेच. नायलॉनची दोरी कोवळी साल गोल सोलते, झाड महिनाभर हिरवे दिसते आणि मग वरून वाळत येते. आळ्यातला लव्हाळा खणला नाही, कारण कुदळीने त्याच्या गाठी सुट्या होतात आणि प्रत्येक गाठ नवे झाड. वर पुठ्ठे अंथरले, त्यावर कापलेल्या गवताचा चार ते सहा इंचांचा थर. खोडापासून फूटभर जागा मोकळी, नाहीतर वाळवी थेट सालीला लागते.

तणनाशक वापरले नाही. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता मर्यादित केला, आणि तीन वर्षांच्या कलमांजवळ फवाऱ्याचा उडता तुषार तसाही नको.

नोव्हेंबरअखेर ते जानेवारी

उतारावरच्या उघड्या पाच गुंठ्यांत कुळीथ फेकला, गुंठ्याला अर्धा किलो, म्हणजे नेहमीपेक्षा दाट. मागच्या ओलीवर आणि दवावर उगवला. वरच्या कातळाच्या पट्ट्यात विरळ आला, तिथे माती चार बोटेच आहे.

दुसरी कापणी पहिलीनंतर तीन आठवड्यांनी, फुटवे वीतभर असताना. मुळांतला साठा फुटव्यांना गेलेला असतो आणि पानांनी परत भरलेला नसतो. या फेरीला मागचा उतार दीड तासात झाला. सुटलेल्या रानमोड्या ३० ते ३५ मिळाल्या, बहुतेक गडग्यालगत, टिकाव पोचत नाही तिथे. त्या पहारेने काढायच्या आहेत.

जानेवारीत गवत पूर्ण वाळले. गडग्याबाहेर तीन मीटर रुंदीचा पट्टा खरवडून जाळरेषा केली, काजूखालचा पाचोळा आत ओढला. पूर्वेची बाजू ४० फूट बाकी आहे. वणवे फेब्रुवारीत सुरू होतात, त्याआधी ती. मग थेट जूनचा पहिला पंधरवडा: खळ्यातला टाकळा बोटभर असतानाच उपटायचा, कोवळा पाला भाजीला.